बाबांची रेष, माझी रेष

तमाम पुणेकरांना, तसेच वारज्याला पुण्यात धरणाऱ्या उदार मनाच्या नागरिकांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आपल्या शहरात छपराखाली भरलेल्या पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस स्पर्धेत एकेरीच्या अंतिम सामन्याचा जो निकाल जाहीर झाला होता, तो चुकीचा असण्याची दाट शक्यता आहे. चूक पंचांची नव्हती, खेळाडूंची नव्हती, आयोजकांची तर मुळीच नव्हती. ती सर्वस्वी माझी होती. हरकती असल्यास लेखी कळवाव्यात. तोंडी हरकती ऐकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे.

आता मी निवेदन करून पोट भरते. पुस्तक प्रकाशनं, साठीशांत, गृहनिर्माण संस्थांचे रौप्यमहोत्सव, कुठेही बोलवा, मी माइक धरून उभी राहते आणि अध्यक्षांपेक्षा जास्त बोलते. लोक विचारतात, हा आवाज कुठे कमावलात? मी काहीतरी थाप मारते. खरं उत्तर असं की, हा आवाज मी एकदाच, एका शब्दासाठी, जिवाच्या आकांताने लावला होता आणि त्या शब्दाने एका परक्या माणसाचा घात केला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि आमच्या घरात कुणीही कुणाशी बोलत नव्हतं.

भांडण वगैरे काही नव्हतं, गैरसमज नको. घरात आम्ही दोघंच होतो, बाबा आणि मी. दादाला अमेरिकेत जुळी झाली होती आणि आई ‘सहा महिन्यांत येते’ म्हणून गेली होती. ती गेल्यावर आमच्या लक्षात आलं की, एकोणीस वर्षांत बाबा आणि मी एकमेकांशी थेट असं कधी बोललोच नव्हतो. सगळं आईमार्फत चालायचं. “तिला सांग, छत्री घेऊन जा म्हणावं,” असं बाबा माझ्यासमोर उभं राहून आईला सांगत, आणि “त्यांना सांग, माझ्याकडे आहे,” असं मी आईला सांगे. आई बिचारी पोळी लाटता लाटता दोन्हीकडचे निरोप पोचवायची. ती गेली, आणि वारज्याच्या त्या दोन खोल्यांत नळाचं पाणी, कुकरची शिट्टी, शेजारच्यांचा टीव्ही आणि बाबांच्या स्लिपरा एवढेच आवाज उरले. संध्याकाळी कॉलेजमधून येताना मी जिन्यात मुद्दाम किल्ल्या वाजवायचे. आत कुणीतरी “आलीस का गं?” म्हणेल, अशी खुळी आशा. आतून टीव्हीचा आवाज एक घर कमी व्हायचा, बस. ते माझं स्वागत.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीची बहुतेक वर्षं खडकवासल्याला गेली. धरणाच्या भिंतीवर रंगवलेली मोजपट्टी असते. पाणी तिच्या कुठल्या रेघेला टेकलं आहे हे बघून ते रोज लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. वारा असो, लाट असो, पाणी रेघेच्या वर की खाली हे त्यांना एका नजरेत कळे. हाच डोळा खात्याच्या क्लबात कुणाच्या तरी नजरेस आला आणि बाबा टेनिसचे रेषापंच झाले. रेषापंच म्हणजे कोर्टाच्या कडेला बसून एकाच रेघेकडे बघत राहणारा माणूस. चेंडू रेघेबाहेर पडला तर त्याने “आउट!” असं ओरडायचं. आत पडला तर तोंड उघडायचं नाही. आणि बाबांनी हा नियम घरात आणला होता, का घरातला कोर्टावर नेला होता, हे देवाला ठाऊक. मी बारावीला चांगले गुण मिळवले तेव्हा ते काही बोलले नाहीत. रांगोळीत बक्षीस मिळालं तेव्हा बोलले नाहीत. डाळीला फोडणी जळली तेव्हा मात्र ते बाहेरच्या खोलीतून म्हणाले, “करपली.” चेंडू बाहेर.

आईने जाताना थालीपिठाच्या भाजणीची मोठी बरणी भरून ठेवली होती. बाबांनी बरणीच्या काचेवर पेन्सिलीने बारीक रेघा ओढल्या, धरणाला असतात तशा, आणि दर रविवारी एक रेघ खाली, असा विसर्ग ठरवून दिला. शेवटची रेघ आली की आई परत, असा हिशेब होता. मग आईने फोनवर सांगितलं की, बाळं फार रडतात, मुक्काम दोन महिने वाढवते आहे. बाबा “बरं” म्हणाले. पुढच्या रविवारी मी थालीपीठ खाल्लं आणि घास तोंडातच राहिला. भाजणी तीच नव्हती. धने जास्त होते. बरणीतली पातळी मात्र वर चढलेली. शनिवार पेठेतल्या दुकानातून गुपचूप भाजणी आणून बाबांनी धरण भरून काढलं होतं. दोघांनी धने चावले.

रेषापंच व्हायची हौस मला कशी आली? टेनिसचं मला काडीचं प्रेम नव्हतं. मला फक्त वाटलं की, या माणसाशी बोलायचं तर त्याच्या भाषेत बोलायला हवं, आणि त्याच्या भाषेत शब्दच एक होता. “मला शिकवा,” एवढंच मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सोसायटीच्या पार्किंगमध्ये बादली घेऊन उभे. बादलीत टेनिसचे जुने चेंडू भिजत घातलेले. फरशीवर खडूची रेघ. ते ओला चेंडू फेकायचे, मी ओरडायचं किंवा गप्प राहायचं, आणि मग फरशीवर उमटलेला ओला ठिपका खरं काय ते सांगायचा. रेघेला केसाएवढा जरी शिवला असेल तरी चेंडू आत. दुसऱ्या मजल्यावरच्या लेलेकाकू गॅलरीतून हे रोज बघायच्या. त्या एकदा न राहवून म्हणाल्या, “काय हो, मुलीला हे काय शिकवताय?”

“बघायला,” बाबा म्हणाले.

“अगंबाई! दाखवायच्या वयाची झाली ती, आणि तुम्ही तिला बघायला शिकवताय होय!”

बाबांनी पुढचा चेंडू फेकला. तो चांगला हातभर बाहेर पडला आणि मी लेलेकाकूंकडे बघत “आउट!” अशी आरोळी ठोकली. गॅलरीचं दार लागलं. बाबांच्या मिशीचं एक टोक हललं, असं मला वाटलं; पण त्याचा ओला ठिपका कुठे उमटला नाही, त्यामुळे खात्री देता येत नाही.

बादलीबरोबरच त्यांनी मला तीन खुणा शिकवल्या. बाहेर असेल तर हात लांब करायचा. आत असेल तर दोन्ही तळवे खाली, पोळी थापल्यासारखे. आणि तिसरी खूण: काही कारणाने चेंडू दिसलाच नाही, तर दोन्ही हात डोळ्यांखाली उभे धरायचे. म्हणजे, मला माफ करा, मी पाहिलं नाही. मग मुख्य पंच ठरवतील, त्यांनाही दिसलं नसेल तर गुण पुन्हा खेळतील. “यात लाज नाही,” बाबा म्हणाले. ते त्यांचं त्या वर्षातलं सगळ्यात लांब भाषण. “पण बत्तीस वर्षांत मी एकदाही केली नाही,” असं मात्र त्यांनी लगेच जोडलं. संपलं. तिसऱ्या खुणेची वाट तिथेच बंद झाली.

स्पर्धा जानेवारीत भरली, आणि बाबांच्या ओळखीने मलाही रेषापंचांत घेतलं. बंद हॉल, उंच पत्र्याचं छप्पर, खाली निळं कोर्ट. ज्यांनी मोकळ्या मैदानावरचं टेनिस ऐकलं आहे, त्यांना छपराखालचा आवाज सांगून कळायचा नाही. बाहेर चेंडू ‘टप्’ वाजतो आणि आवाज आकाशात निघून जातो. इथे तो छपराला आपटून परत यायचा, प्रत्येक फटक्याला आपलाच भूतकाळ मागे लागल्यासारखा. खेळाडूंचे बूट फरशीवर चर्र करत. मध्येच कुणीतरी चिवड्याची पिशवी उघडे आणि चारशे माना वळत. आठवडाभर मी एक तास आत, एक तास बाहेर, अशी बसले. रेषापंचाने टाळी वाजवायची नाही, हसायचं नाही, खेळाडूंशी बोलायचं नाही. सगळा हॉल मान डावी-उजवी करत मॅच बघतो, आणि आपण एकटेच पांढऱ्या पट्ट्याकडे. लोकांच्या ‘आहाहा’वरून काहीतरी सुंदर घडून गेलं एवढं कळतं. मी शेकडो चेंडू पाहिले त्या आठवड्यात, आणि माझी मला खात्री आहे की, एकही चुकवला नाही. रोज स्कूटरवरून घरी येताना मी बाबांच्या पाठीकडे बघत बसायचे. मला फार काही नको होतं. “बरं बघितलंस,” एवढे दोन शब्द. पाठ काही बोलली नाही.

आता तिथे माणसंच नसतात म्हणे. कॅमेरे लावतात आणि एका बाईचा आधीच ध्वनिमुद्रित केलेला आवाज “आउट” म्हणतो. मी परवा टीव्हीवर ऐकला. उच्चार स्वच्छ आहे, पण त्या बाईला कुणाची भीती वाटत नाही हे लगेच कळतं.

खेळाडूंची नावं बाबा कधी घेत नसत. अमुक देशाचा, तमुक क्रमांकाचा, असलं काही त्यांना ठाऊक नसे. ते माणसाला त्याच्या चेंडूवरून ओळखत. एक होता ढगफोड्या. त्याची सर्व्हिस तशीच यायची. आणि एक होता डावखुरा. हा डावखुरा सगळ्यांत एकटा. बाकीच्यांबरोबर प्रशिक्षक, मालिश करणारे, निदान एखादी मैत्रीण तरी असायची. हा स्वतःच रॅकेटींच्या मुठींना पट्ट्या गुंडाळे, स्वतःचे मोजे धुऊन हॉलमागच्या तारेवर वाळत घाली. उपाहारगृहात तो कोपऱ्यातल्या टेबलावर इडली खायचा, काट्याने, सांबाराला हात न लावता. मी शेजारच्या टेबलावर. बोलायची मनाई. चौथ्या दिवशी त्याने त्याच्या टेबलावरचं मीठ न बोलता माझ्याकडे सरकवलं. मला मीठ नको होतं, पण मी घेतलं आणि उपमा खारट करून खाल्ला. महिनोन्‌महिन्यांत कुणीतरी माझ्या ताटाकडे बघितलं होतं.

हा डावखुरा फेऱ्यांमागून फेऱ्या काढत अंतिम सामन्यात पोचला, समोर ढगफोड्या. आणि रविवारी सकाळी बातमी आली की, बेसलाइनला, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेघेला, जे जोशी बसायचे त्यांचे डोळे आले. रेषापंचाचे डोळे यावेत! नियतीला विनोद कळतो, पण वेळ कळत नाही. मुख्य अधिकाऱ्यांनी बाबांना विचारलं, “तुमची मुलगी बसेल का?” बाबांनी दोन्ही तळवे खाली केले. पोळी थापल्यासारखे.

आता जागा नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर आहे. बाबा कोर्टाच्या पलीकडच्या टोकाला, भिंतीशी उभे. त्यांची रेघ म्हणजे कोर्टाची लांब बाजू; त्यांच्या पायापासून सरळ माझ्याकडे येणारी. मी अलीकडच्या टोकाला, बाजूला खुर्चीवर. माझी रेघ आडवी. बाबांची रेघ जिथे संपते, तिथेच माझी सुरू होते, आणि त्या कोपऱ्यापासून माझी खुर्ची जेमतेम पाच-सहा पावलांवर. म्हणजे त्या एका कोपऱ्यावर घरातल्या दोघांचा पहारा होता.

तिसरा सेट टायब्रेकपर्यंत गेला. ढगफोड्याला जिंकायला एकच गुण हवा होता. हॉल इतका शांत झाला की, छपरावर कबुतराची नखं ऐकू येत होती. दोघांचे फटके सुरू झाले, पाच, दहा, पंधरा, मी मोजायचं सोडून दिलं. आणि त्या शांततेत, का कोण जाणे, माझ्या मनात आलं: सगळं जग चेंडूकडे बघतंय, आणि मी कुणाला दिसतच नाही. मी हॉलमध्ये आहे की नाही, घरात आहे की नाही, कुणाला फरक पडतो? मी मान वळवली. रेषापंचाने कधीही करू नये ते केलं. कोर्टाच्या त्या टोकाला बाबांकडे बघितलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, कोपऱ्यावर नजर लावून उभे होते. आत्तासुद्धा, मला वाटलं. आत्तासुद्धा रेघच.

तेवढ्यात माझ्या पायाशी ‘टप्’ वाजलं.

डावखुऱ्याचा फटका. कोपऱ्यात. मी पाहिला नव्हता. दोन्ही हात डोळ्यांखाली धरायला हवे होते. हात उचलायचेच होते, पण बत्तीस वर्षं आडवी आली. बाबांसमोर, चारशे लोकांसमोर, पहिल्याच फायनलला मी दिसलं नाही म्हणून सांगू? माझ्या तोंडून निघालं, “आउट!” आणि काय निघालं म्हणून सांगू! छप्पर दणाणलं. इतका ठाम, इतका सुरेल, इतका निःशंक आवाज मी पुन्हा कधी लावू शकले नाही, अध्यक्षांची ओळख करून देतानासुद्धा. मुख्य पंचांनी क्षणभर बाबांच्या दिशेने पाहिलं. बाबा हलले नाहीत. अशा आवाजावर कोण शंका घेणार? सामना संपला.

डावखुरा चालत कोपऱ्यात आला. निळ्या फरशीवर ओला ठिपका नव्हता, काहीच नव्हतं. तो बराच वेळ त्या काहीच नसण्याकडे बघत राहिला. मग त्याने रॅकेट काखेत मारली आणि माझ्या खुर्चीजवळून जाताना, माझ्याकडे न बघता, इंग्रजीत म्हणाला, “आवाज चांगला आहे तुझा.” रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. बक्षीस समारंभानंतर मी मागच्या बाजूला गेले. मनाशी ठरवलं होतं की सांगायचं. तारेवर मोजे नव्हते. तो गेला होता.

स्कूटरवर कर्वेनगरच्या सिग्नलला मी बाबांच्या कानाशी म्हटलं, “बाबा, तो चेंडू आत होता का?” सिग्नल हिरवा झाला. स्कूटर निघाली. पुढे वारज्यापर्यंत पाठ.

घरी आल्यावर बाबांनी भाजणीची बरणी काढली, रविवार होता ना. पीठ भिजवलं, तव्यावर थापलं, बोटाने मधोमध भोक पाडलं. मी ओट्याशी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. “मी बघितला नव्हता तो चेंडू. तिसरी खूण करायला हवी होती. मी घाबरून ओरडले. तुमची रेघ तिथेच संपते, बाबा, तुम्हीच एकटे सांगू शकता. आत होता?”

बाबांनी थालीपिठाभोवती तेल सोडलं. काही बोलले नाहीत.

आणि मला उत्तर कळलं. कारण आमच्या घराचा नियम! बाहेर असेल तर बाबा बोलतात. बोलले नाहीत याचा अर्थ चेंडू आत. म्हणजे मी त्याची मॅच घालवली, ज्याने मला मीठ दिलं त्याची. मी भिंतीला टेकून रडायला लागले, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. रविवार संध्याकाळचा, अमेरिकेतला सकाळचा, आईचा.

मी धावत जाऊन उचलला. “आई, माझ्या हातून फार वाईट झालं गं. शेवटचा चेंडू आत होता की बाहेर ते फक्त बाबांना माहीत आहे आणि ते मला सांगत नाहीयेत. तू विचार त्यांना.”

“रडू नकोस. दे त्यांना,” आई म्हणाली. सात महिन्यांनी निरोप्या कामावर परतला होता.

बाबा हात पुसत आले. रिसीव्हर त्यांनी खांदा आणि कानाच्या मध्ये धरला. आईचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. “अहो, काय विचारतेय ती? सांगून टाका ना एकदा. तुम्ही बघत होतात ना?”

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येऊ लागला, पण बाबा “करपली” म्हणाले नाहीत. मग त्यांनी दोन्ही हात हळूहळू वर उचलले. पिठाने माखलेल्या नखांचे ते दोन हात त्यांनी डोळ्यांखाली उभे धरले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

“अहो, बोला की!” आई ओरडली. “हातवारे करत असाल तर मला इथून काय दिसतंय?”

आणि बाबा, जे आयुष्यात फक्त “आउट” एवढंच मोठ्याने बोलले, ते अमेरिकेपर्यंत तारेशिवाय पोचेल अशा आवाजात ओरडले, “काय सांगू, कप्पाळ! मी चेंडूकडे बघतच नव्हतो, हिच्याकडे बघत होतो!”